सिपासनामा

उर्दू कसीद्याची मांडणी ठरलेली असते. सुरुवातीला तश्बीब, म्हणजे बहार, बाग, पहाट, कधी माशूकची आठवण. मग गुरेज. बागेत फिरता फिरता शायर हळूच दरबारात शिरतो, ती वाट म्हणजे गुरेज. मग मदह, म्हणजे बादशहाची तारीफ, आणि शेवटी दुआ. पण मदह आणि दुआ यांच्यामध्ये एक छोटी जागा असते. तिला हुस्न-ए-तलब म्हणतात. मागायचे, पण मागणे देखणे करून मागायचे. अब्बा म्हणत, बाकीचा सगळा कसीदा या दोन ओळींसाठी असतो. हे आम्हा भावंडांना शाळेत कुणी शिकवले नाही. आमच्या शाळा मराठी. हे घरात कळले, कारण आमचे दादा सिपासनामे लिहीत.

सिपासनामा हा शब्द आता परभणीतल्याही फार थोड्या लोकांना माहीत असेल. मराठीत आपण मानपत्र म्हणतो तेच. निजामाच्या रियासतीत कलेक्टरला अव्वल तालुकदार म्हणत. तो दौऱ्यावर आला की गावाने त्याला हार घालायचा आणि सिपासनामा वाचायचा, असा रिवाज होता. दादा दुधनेकाठच्या एका गावात तहतानिया मदरशावर मुदर्रिस होते. प्राथमिक शाळेला त्या काळी तहतानिया म्हणत, त्यावरची वस्तानिया आणि हायस्कूल म्हणजे फौकानिया. सरकारची जबान १८८४ पासून उर्दू. गावची जबान मराठी. त्यामुळे गावाला काही म्हणायचे असले की ते दादांच्या लेखणीतून जायचे. पाटील ओसरीवर येऊन बसत आणि सांगत, "मौलवीसाहेब, कसंबी लिहा, पण विहिरीचं घाला." दादा विहिरीचे घालत. त्याआधी अठरा-वीस ओळी आफताब, दर्या, अब्र-ए-करम असे काही काही असे. पाटलांना त्यातले एक अक्षर कळत नसे, पण विहीर कुठे आली हे ते आवाजावरून ओळखत.

यातला एकच कागद आमच्या घरात उरला आहे. तो १९३७ चा. सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले. पंचवीस वर्षे १९३६ ला भरली, पण त्या वर्षी इंग्लंडचा बादशहा वारला म्हणून जश्न पुढे ढकलला गेला आणि तो फेब्रुवारी १९३७ मध्ये झाला. हैदराबादेत मोठा सोहळा झाला. गावोगावच्या मदरशांतही जलसे झाले. त्या प्रसंगी दादांनी लिहिलेल्या सिपासनाम्याचा सारांश असा, की आला हजरतांच्या फैजाचा दर्या सगळ्या दकनभर वाहतो आहे, त्याला ना काठ ना तळ. आणि लगेच पुढे, अशा दर्याच्या रियासतीत आमच्या मदरशाची मुले उन्हाळ्यात नदीच्या पात्रात झिरे खणून फडक्याने पाणी गाळून पितात, तेव्हा तीही हुजूरच्या सलामतीचीच दुआ करतात. हे वाचून मी पुष्कळ वेळा हसलो आहे. तालुकदाराला यात राग यायला जागा नाही. तक्रार कुठे आहे? सगळी दुआच आहे! विहीर दोन वर्षांनी मंजूर झाली, आणि तिचे पाणी १९७२ च्या दुष्काळापर्यंत गावाने प्यायले.

पुढे मी इतिहासाचा शिक्षक झालो. बी.ए.ला रोमन साम्राज्याचा उत्तरकाळ होता. तेव्हा कळले, की दादांचा धंदा फार जुना आणि फार दूरवरचा आहे. त्या काळातली बारा लॅटिन स्तुतिभाषणे एका संग्रहात टिकून आहेत. पहिले प्लिनीचे, इसवी सन १०० मधले, सम्राट ट्रेजनसमोरचे. बाकीची बहुतेक गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या वक्त्यांची, तिसऱ्या-चौथ्या शतकांतली. इतिहासकार पुष्कळ दिवस या भाषणांना नाके मुरडत. खुशामत, पोकळ शब्द, ऱ्हासाचे लक्षण वगैरे. मलाही आधी तसेच वाटले असते, पण घरात विहिरीचा कागद होता.

त्यातले एक भाषण ओतँ नावाच्या शहराचे आहे. हे शहर तिसऱ्या शतकाच्या यादवीत लुटले गेले होते. शेते ओस, द्राक्षवेली म्हाताऱ्या, पाणथळ जमिनी, रस्ते इतके खराब की भरलेली गाडी जाईना. आणि करपट्टी मात्र भरभराटीच्या हिशेबाने. ३११ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइन त्या शहरात आला. त्याने करपात्र ३२,००० माथ्यांपैकी ७,००० कमी केले आणि पाच वर्षांची थकबाकी माफ केली. मग शहराने आपला वक्ता ट्रिअरच्या दरबारात आभार मानायला पाठवला. त्या वक्त्याने काय केले पाहा. सम्राटाच्या दयेचे वर्णन करायचे म्हणून त्याने सगळी दुर्दशा पहिल्यापासून तपशीलवार सांगितली. वेली, पाणथळ, रस्ते, सगळे. दरबारात उभे राहून साम्राज्याच्या करपद्धतीने एका शहराचे काय केले याचा पंचनामाच त्याने वाचला, आणि त्याला नाव दिले आभाराचे. शिवाय आकडे सर्वांसमोर उच्चारले. आता उद्या एखाद्या कारकुनाने ७,००० चे ५,००० करायचे म्हटले तर? दरबार साक्षीला आहे. आपल्याकडे तलाठ्याच्या सातबाऱ्यावर नोंद चढली की नाही हे पाहायला माणूस चार खेपा घालतो, तसाच हा प्रकार. स्तुती ही त्या शहराची नोंद होती.

त्याच शहरातला युमेनियस नावाचा एक शिक्षक. हा माझा विशेष लाडका. २९८ च्या सुमारास तो राज्यपालासमोर बोलला. म्हणाला, पडलेली शाळा पुन्हा बांधू द्या, आणि माझा सहा लाख सेस्टर्सेसचा पगार मी तिच्यासाठी देतो. बादशहांची तारीफ भरपूर, पण सगळी फिरून फिरून शाळेच्या भिंतीपाशी येते. हुस्न-ए-तलब म्हणतात तो हाच.

पण स्तुती नुसती खालून वर जात नाही, हेही तिथेच समजते. ३०७ च्या एका भाषणात कॉन्स्टंटाइनबरोबर त्याचा सासरा मॅक्सिमियन याचेही गोडवे आहेत. ३१० मध्ये सासऱ्याने बंड केले आणि तो मेला. त्याच वर्षीच्या भाषणात वक्ता अचानक सांगतो, की कॉन्स्टंटाइन हा पूर्वीच्या क्लॉडियस सम्राटाचा वंशज आहे, फार लोकांना हे ठाऊक नाही. खरेच, त्याआधी कुणालाच ठाऊक नव्हते! सासऱ्याच्या नात्याची गरज संपली, तेव्हा पणजोबांकडचे नाते निघाले, आणि ते जाहीर करायचे काम एका भाट वक्त्याला मिळाले. लोकांनी मान हलवली तर दावा पक्का, नाही हलवली तर तो वक्त्याचा अतिरेक. राजाचे काही जात नाही.

आपल्या भागात याचे सगळ्यात नेमके रूप म्हणजे जुम्म्याचा खुत्बा. खुत्ब्यात आणि नाण्यावर ज्याचे नाव, सत्ता त्याची, असा जुना दस्तूर. १८५७ पर्यंत हैदराबादच्या नाण्यांवर दिल्लीच्या बादशहाचे नाव होते. हुकूम निजामाचा, फौज इंग्रजांची, नाव बहादूरशहाचे! वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांकडे गेले आणि १९०२ मध्ये सालीना २५ लाखांच्या कायमच्या पट्ट्यावर दिले गेले. तिथला एक पैसा, एक शिपाई निजामाच्या हाती राहिला नाही. तरी १९३६ च्या करारात निजामाने काय पदरात पाडून घेतले? थोरल्या शहजाद्याला प्रिन्स ऑफ बेरार हा किताब, आपला झेंडा, आणि वऱ्हाडच्या मशिदींतून खुत्ब्यात आपले नाव. जिंतूरच्या वर लोणार-मेहकरकडच्या ज्या मुसलमानांना निजामाने ना जमीन दिली ना नोकरी, त्यांनी दर शुक्रवारी त्याचे नाव ऐकायचे. मुलूख हातचा गेल्यावर शेवटी उरते ती स्तुती, आणि राजे लोक तीही सहजी सोडत नाहीत.

हे केवळ रोमचे किंवा मुसलमान दरबारांचे वेड आहे असे कुणी समजू नये. हिंगोली १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होती. तिच्यापुढे वाशीम, म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ओतँचा वक्ता ट्रिअरला गेला त्यानंतर दीडेकशे वर्षांनी याच घराण्याच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याची सोळावी लेणी खोदवली आणि तिच्या दारावर प्रशस्ती कोरवली. विंध्यशक्तीपासून हरिषेणापर्यंत एकेका राजाची स्तुती आहे. पण बारकाईने पाहिले की गंमत कळते. हरिषेणाचा बाप देवसेन याच्याविषयी प्रशस्ती सांगते, की त्याने राज्याचा भार हस्तिभोज नावाच्या मंत्र्यावर टाकला आणि स्वतः सुखोपभोगात रमला. हा हस्तिभोज कोण? वराहदेवाचा बाप! राजाच्या तारफेखाली मंत्र्याने आपल्या घराण्याची सनद कोरून ठेवली आहे. राजे उपभोगात होते, राज्य आम्ही चालवले, असे दगडावर, आणि तेही राजाच्या कौतुकात.

परभणीच्या स्टेशन रोडवर जे डिजिटल फलक लागतात ते मी याच नजरेने वाचतो. वर साहेबांचा मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांचे पंधरा-वीस चेहरे. वाढदिवस साहेबांचा असतो, पण फलकाचा खर्च त्या खालच्या चेहऱ्यांसाठी केलेला असतो. कोण साहेबांच्या जवळ, कोण कडेला, कोणाचा चेहरा या वर्षी वगळला, हे चौकातले चहावाले अचूक सांगतात. शिलालेखाच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे महिनाभर बसावे.

वराहदेवाच्या लेखात आणखी एक गोष्ट आहे. हरिषेणाच्या संदर्भात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र अशी देशांची यादी येते. पण तिथला दगड फुटला आहे आणि नेमके क्रियापद गेले आहे. जिंकले, की वश केले, की नुसता दबदबा बसवला? पंडित अजून वाद घालतात. हरिषेणानंतर थोड्याच काळात ते राज्य मोडले. देशांची नावे राहिली, त्यांचे काय केले तो शब्द तेवढा राहिला नाही.

खुद्द परभणीच्या नावाने प्रसिद्ध असलेला ताम्रपट शके ८८८ चा, म्हणजे ९६६ सालचा आहे. वेमुलवाडच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या अरिकेसरीने सोमदेवसूरी या जैन आचार्यांना एक गाव दान दिले, वडिलांनी बांधलेल्या जिनालयासाठी. सोमदेव म्हणजे 'यशस्तिलक' आणि 'नीतिवाक्यामृत' लिहिणारे. पटाची रचना पाहिली की मला दादांचा कागद आठवतो. आधी राजाची वंशावळ आणि पराक्रम, मग राष्ट्रकूट सम्राटाचा अदबीने उल्लेख, कारण अरिकेसरी त्याचा मांडलिक, आणि मग मुद्दा, गाव. या घराण्याच्या प्रशस्त्यांत एका पूर्वजाने बोधनला तेलाने भरलेल्या हौदात हत्तींना आंघोळ घातल्याचा बडेजाव येतो. ते तेल खरे की खोटे हे विचारण्यात अर्थ नाही. दान मात्र खरे होते.

आता दुसरी बाजू. स्तुती नडते, तीही फार. गालिबचे उदाहरण आपल्या सर्वांना माहीत आहे, पण त्यातला हिशेब नीट मांडला जात नाही. १८५७ च्या धामधुमीत त्यांनी बहादूरशहाच्या नाण्यासाठी एक शेर लिहून दिला, असा आरोप इंग्रजांच्या एका खबऱ्याने केला. गालिब शेवटपर्यंत म्हणत राहिले, तो शेर माझा नव्हे. पण नाण्यावरच्या दोन ओळींसाठी त्यांचे पेन्शन आणि दरबारातली जागा गेली. ते परत मिळावे म्हणून १८५८ मध्ये छापलेल्या 'दस्तंबू'त त्यांनी मलिका व्हिक्टोरियाचा कसीदा घातला. पेन्शन १८६० मध्ये सुरू झाले. दोन ओळींनी गेले ते एका कसीद्याने आले, असे सरळ गणित नाही, रामपूरच्या नवाबांचाही त्यात वाटा होता. पण एवढा स्वाभिमानी माणूस, डोमिन्यूनी हवेल्यांच्या पाडापाडीत बसून, शहर उजाड करणाऱ्यांच्या राणीला बहारीची उपमा शोधतो आहे, हे चित्र मला झोपू देत नाही.

चौथ्या शतकात मिलानमध्ये असाच एक जण होता. आजच्या अल्जेरियात जन्मलेला ऑगस्टीन, पुढे ख्रिस्ती संत झाला तो. तेव्हा तो सरकारी पगारावर वक्तृत्वाचा अध्यापक होता आणि पोरसवदा सम्राटाची तारीफ करणे हे त्याच्या नोकरीचे काम होते. आपल्या आत्मकथनात तो सांगतो, की मी खोटे बोलणार होतो, आणि ते खोटे आहे हे माहीत असणारेच टाळ्या वाजवणार होते. भाषणाच्या चिंतेत रस्त्याने जाताना त्याला एक दारू प्यालेला भिकारी हसताना दिसला. त्याला वाटले, दोन पैशांत याला जी खुशी मिळाली ती माझ्या सगळ्या विद्येला मिळत नाही. पुढे त्याने ती नोकरी सोडली.

आपल्याकडे तर हदीस आहे. हजरत उस्मान यांच्या तोंडावर कुणी तारीफ करू लागला, तेव्हा हजरत मिकदाद यांनी गुडघे टेकून खडे उचलले आणि त्याच्या तोंडावर फेकले. तसाच हुकूम आहे, म्हणाले. आणि दुसरीकडे काब बिन जुहैर. जिवाला धोका होता. हुजूरांच्या (स.) समोर येऊन त्यांनी कसीदा म्हटला, जीव वाचला, आणि अंगावरची चादर बक्षीस मिळाली. दादांना दोन्ही रिवायती पाठ होत्या. ते म्हणत, पोट भरलेल्याने तारीफ केली तर खडे उचलावे, जीव मुठीत धरून आलेल्याची ऐकून घ्यावी.

सप्टेंबर १९४८. पोलीस ॲक्शन. घराघरांतून कागद जळाले. आसफजाही शिक्क्याचे जे काही होते ते जाळायचे, असा मोहल्ल्यातल्या बड्या-बुजुर्गांचा सल्ला होता. दादीमाँनी दादांची पेटी चुलीपाशी ओढली. सिपासनामे, जश्नाची नज्म, मुलांना मदरशात म्हणायला लावत ते रियासतीच्या सलामतीचे गीत, सगळे गेले. आला हजरतांना दर्या म्हणणे आता गुन्हा ठरेल अशी भीती होती, आणि त्या वेळी ती भीती खोटी नव्हती. १९३७ चा कागद वाचला तो त्याच्या पाठीवर कडब्याचा हिशेब होता म्हणून. देणे-घेणे जाळायचे नाही, एवढे दादीमाँना कळत होते. चूल विझल्यावर दादा म्हणाले म्हणे, विहीर तर जाळता येणार नाही.

यातली तिरकस गोष्ट अशी, की ज्याची तारीफ घरोघर जाळली गेली तो निजाम २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत हैदराबादचा राजप्रमुख होता. त्याला हारतुरे आणि मानपत्रे मिळत राहिली. खेड्यातल्या मुदर्रिसाला मात्र आपला कागद लपवावा लागला.

आणि याच रियासतीत एक शोएबुल्ला खानही होते, 'इमरोज'चे संपादक. त्यांनी रझाकारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूने लिहिले, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली. मराठवाड्यातल्या किती मुस्लिम मुलांना हे नाव माहीत आहे? मी वर्गात दर वर्षी विचारत असे. हात वर येत नसत. हिंदू मुलांचेही येत नसत.

१७ सप्टेंबर, मुक्तिदिन. नोकरीतली बरीच वर्षे मला या दिवशी भाषणाचे बोलावणे यायचे. एका ठिकाणी, नाव सांगत नाही, आयोजक आदल्या दिवशी घरी आले. म्हणाले, "सर, रझाकारांबद्दल तुम्हीच बोला. तुम्ही बोललात तर वजन पडतं." बाकीच्या वक्त्यांना विषय निवडायची मुभा होती. मला माझा विषय ठरवून मिळाला होता. मी शोएबुल्ला खानांवर बोललो. नंतर चहाच्या वेळी एक गृहस्थ म्हणाले, "चांगलं झालं, पण जरा आणखी जोरात हवं होतं." त्यांचा काही वाईट हेतू नसावा. पण मला त्या दिवशी कळले, की स्तुतीभाषणाचा एक उपयोग ओतँच्या वक्त्यालाही माहीत नसेल. तो शहरासाठी बोलायला गेला होता. माझ्याकडून अपेक्षा होती ती माझी हजेरी लावण्याची. दर वर्षी, सर्वांसमोर, मोठ्या आवाजात. वफादारीचा खुत्बा असा कुणा एकाच्या नावे काढला, की बाकीच्यांना तो आपोआप माफ होतो.

देशाची तारीफ करायला मला कधीच जड गेले नाही. ती माझ्या वळणाने करू द्यावी, एवढेच म्हणणे आहे. सेलूच्या आठवडी बाजाराची तारीफ मी दोन तास करू शकतो.

निवृत्तीनंतर सिपासनाम्यांचा वारसा माझ्याकडे आपोआप आला. आता लिहितो ते मराठीत. मोहल्ल्यातल्या बायकांच्या बचतगटाने एका पुढाऱ्याचा सत्कार ठरवला, तेव्हा मानपत्र लिहून द्या म्हणून त्या आल्या. मी विचारले, मागायचे काय आहे? कब्रस्तानची भिंत. डुकरे आत शिरतात, पावसात कबरी उघड्या पडतात. चार ओळींत साहेबांच्या कार्याचा गौरव केला, त्यांच्या दिवंगत वडिलांच्या समाधीची त्यांनी केलेली व्यवस्था आदराने नमूद केली, आणि पुढच्याच वाक्यात आमच्या मरहूमांचा विषय काढला. शाल, श्रीफळ, टाळ्या. साहेब भाषणात म्हणाले, भिंत झालीच समजा. गटाच्या अध्यक्ष खालाजान शेजारी बसल्या होत्या. त्या मला हळूच म्हणाल्या, "सर, हे वाक्य लिहून घ्या आणि त्यांची सही घ्या." मी मानपत्राच्याच दुसऱ्या प्रतीवर ते लिहिले आणि साहेबांनी हसत सही केली.

भिंत तीन बाजूंनी झाली आहे. चौथी बाजू ओढ्याची. तिथे वीटकाम टिकत नाही, दगडी बांधकाम लागेल आणि त्याचे अंदाजपत्रक वेगळे, असे इंजिनीयर सांगतात. पुढच्या महिन्यात साहेबांचा वाढदिवस आहे. खालाजान कालच येऊन गेल्या, आणि या खेपेला ओढ्याचे कुठे घालायचे याचा मी विचार करतो आहे.